खळीने चिकटवलेल्या खिडक्या

सकाळी सव्वाआठच्या सुमारास ऊन धुराड्याच्या आडून बाहेर पडे, कापसाच्या गाठींचे आवार ओलांडी आणि गिरणीच्या वरच्या मजल्यावरील पत्रखात्यात येई. ते एकदम येत नसे. आधी पूर्वेकडच्या तीन खिडक्यांपैकी उजव्या खिडकीचे अगदी वरचे तावदान उजळे. ते जुने होते, त्याच्या काचेत बारीक लहरी होत्या, त्यामुळे उजेडालाही विहिरीतल्या पाण्यासारखी हालचाल येई. मग एकेक तावदान खाली खाली उजळत जाई. चौकटींच्या फटींवर तपकिरी कागदाच्या पट्ट्या डकवलेल्या होत्या. त्यांच्या कडा उन्हात पातळ होत आणि मधाच्या रंगाच्या दिसू लागत. त्यानंतर उन्हाचा तिरपा पट्टा खोलीत उतरे. भिंतीवरच्या घड्याळाची काच क्षणभर पेटवून तो खाली सरके, फळ्यांच्या जमिनीवर आडवा पडे, लाकडी चौरंगांच्या पायांशी रेंगाळे, पितळी दौतीच्या कडेवर एक ठिणगी ठेवी आणि शेवटी रावजीनानांच्या मेजाच्या कोपऱ्याशी येऊन थांबे. जणू पुढे जाण्यासाठी तिथे कुणाची तरी परवानगी लागत होती.

आणि त्या पट्ट्यात असंख्य कण दिसू लागत. एरवी जी हवा रिकामी वाटे, ती उन्हात भरलेली निघे. कण वर चढत, थबकत, एकमेकांभोवती गिरकी घेत आणि पुन्हा वर चढत. खाली पडण्याची त्यांना मुळीच घाई नसे. पट्ट्याच्या काठाशी आले की ते विझत आणि त्यांच्या जागी दुसरे उजळत. खालच्या खात्यातली यंत्रे सुरू झाली की जमिनीच्या फळ्या सूक्ष्म थरथरत आणि तो सगळा सोनेरी समुदाय एकदमच एक वीत वर उचलला जाई.

निंगप्पा हे पाहण्यासाठी अर्धा तास आधी येत असे. त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. तो मुळातच थोडे बोलणारा. मैंदर्गीहून शिकायला सोलापुरास आलेला, मॅट्रिक होऊन विसाव्या वर्षी या खात्यात लागलेला, आणि सहा वर्षांत वरिष्ठांशी कामापुरतेदेखील बोलताना ज्याचे कान लाल होत असा. पण रावजीनानांनी त्याला एकदा पकडलेच.

"लेकरा," ते म्हणाले होते, "ह्ये ऊन बघून पोट भरतं व्हय तुझं? घरी जाऊन आईला सांगतो, भाकरी नगं म्हणतोय म्हणून."

पत्रखात्यात तिघे बसत. हेडक्लार्क चनमल्लप्पा, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. मराठी पत्रे लिहिणारे रावजीनाना. आणि हुबळी, गदग, विजापूरच्या कापूस-अडत्यांना कानडीत पत्रे लिहिणारा निंगप्पा. इंग्रजी पत्रे खालच्या कचेरीत यंत्रावर होत. देशी पत्रे मात्र हातानेच लिहायची, आणि प्रत्येक पत्राची नकल ठेवायची. त्यासाठी नकलेची जांभळट शाई वापरीत. पत्र लिहून झाले की पातळ कागदांच्या जाड नकलवहीतले एक पान ओलसर करायचे, पत्र त्याखाली ठेवायचे आणि वही लोखंडी दाबयंत्रात घालून वरचा चक्राकार दांडा पिळायचा. अर्ध्या मिनिटाने पान उचलले की पत्राचे अक्षर त्यावर उमटलेले असे. काम सोपे, पण फार नाजूक. ओल्या शाईवर कापसाचे एखादे तूस जरी बसले, तरी दाबाखाली ते सरकायचे आणि ओळीच्या ओळी फासून टाकायचे.

आणि तूस तर गिरणीत सगळीकडे. पत्रखात्याच्या बरोबर खाली गाठी फोडण्याचे खाते होते. तिथे बांधीव कापूस सुटा करून यंत्राने झोडपीत, आणि त्याचा उडणारा चुरा भिंतीच्या झरोक्यांवाटे आवारात टाकीत. वाऱ्याची दिशा फिरली की तो पांढरा चुरा वरच्या खिडक्यांतून आत येई.

चार वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या तोंडावर, असेच एक पत्र फासले गेले. लिहिणारे रावजीनाना. मॅनेजरसाहेब स्वतः नकलवही घेऊन वर आले, ती सर्वांसमोर उघडी धरली आणि यावर कोंबड्या चालल्या काय, असे त्यांनी विचारले. रावजीनाना बावन्न वर्षांचे होते. तीस वर्षे त्यांनी मोडी लिहिली होती, आणि निंगप्पाला टाक कसा धरावा हेही त्यांनीच शिकवले होते, कारण शाळेतल्या वळणाने लिहिलेले अक्षर दाबयंत्रात टिकत नाही. ते मान खाली घालून उभे राहिले. पागोट्याचा शेव त्यांनी दोनदा खांद्यावर घेतला आणि दोनदा तो घसरला. साहेब गेल्यावर ते हसले, पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

निंगप्पाला ते सोसले नाही. त्या संध्याकाळी त्याने अर्ज लिहिला. पत्रखात्याच्या तिन्ही खिडक्या कायमच्या बंद करून त्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या डकवाव्यात, म्हणजे आवारातले तूस आत येणार नाही, असा त्याचा मजकूर. अक्षर इतके देखणे होते की अण्णांनी तो अर्ज वर पाठवण्याआधी दोनदा वाचला. तिसऱ्या दिवशी मंजुरी आली. सुतासाठी खळ शिजवण्याच्या खात्यातून एक बादली खळ आली, आणि तिघांनी मिळून खिडक्या चिकटवल्या. निंगप्पाने आयुष्यात मोठ्याने केलेली ही एकच गोष्ट, आणि तीही कागदावर.

तेव्हापासून दर खंडेनवमीला हा परिपाठ पडला. आदल्या दिवशी, अष्टमीला, वर्षभराच्या वाळून उललेल्या पट्ट्या खरवडायच्या, खोली धुवायची; नवमीला टाक, दौत आणि दाबयंत्र यांची पूजा झाली की ताज्या खळीने पुन्हा खिडक्या चिकटवायच्या. उन्हाळ्यात खोलीची भट्टी होई. मग जिन्याच्या दारावर वाळ्याचा ओला पडदा सोडीत, आणि त्या गारव्यात आंबूस खळीचा वास मिसळे. पण नकला आरशासारख्या उमटत. चार वर्षांत रावजीनानांना कुणी एक शब्द बोलले नव्हते.

त्यांना खोकला होता, एवढेच. तो जुनाच असावा असे निंगप्पा धरून चालला होता. म्हाताऱ्या माणसांना खोकला असतोच. नाना तंबाखू खात. शिवाय त्यांचे घर तळ्याच्या अंगाला, ओलीत. सोमवारी हा खोकला फार बळावे. रविवारी गिरणी बंद, तेव्हा ते बरे असत; सोमवारी दुपारपर्यंत त्यांची छाती कुणीतरी दोरीने आवळल्यासारखी होई आणि ओठांभोवती निळसर छटा येई. निंगप्पाने त्याचेही कारण शोधून ठेवले होते. नाना सिद्धेश्वराचा सोमवार कडक धरीत, दिवसभर नुसत्या पाण्यावर राहत. रिकाम्या पोटी वात चढतो. त्याने त्यांना एकदोनदा उपवास सोडायला सुचवलेही.

"देवानं खोकला दिला आन् देवच सोडायचा व्हय?" नाना म्हणाले. "अण्णा, ह्यो पोरगा मला बाटवतोय."

"बाटवू दे," अण्णांनी मान वर न करता उत्तर दिले. "तुमच्या खोकल्यानं माझी दौत हलते. देवापेक्षा शाई महाग आहे सध्या."

अशी थट्टा चाले, आणि थट्टेत महिने निघून जात.

त्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, नानांच्या पत्नी मथुराबाई निंगप्पाच्या खोलीवर आल्या. त्या कधी येत नसत. उंबऱ्याबाहेरच बसल्या, आत या म्हटले तरी आल्या नाहीत. नानांना त्यांनी आदल्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेले होते. डॉक्टरने पाठीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकले आणि नाना कुठे बसतात, खाली काय आहे, खिडक्या किती आहेत, हे सगळे विचारले. मग तो म्हणाला की जाड तूस नाकात अडकते, त्याचे भय नाही. भय असते ते डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चुऱ्याचे; तो जमिनीच्या फटींतूनही वर येतो, बंद खोलीत कोंडून राहतो आणि थेट छातीत उतरतो. या माणसाला वाहती हवा पाहिजे. त्या खोलीत आणखी एक हिवाळा काढला तर पुढचे सांगता येणार नाही.

निंगप्पाने सगळे ऐकून घेतले. त्याचा आवाज नेहमीसारखा खालच्या पट्टीत होता, पण तो भराभर बोलू लागला. "काकी, डॉक्टरांनी आमची खोली पाहिलेली नाही. आमच्याकडे आता काहीच येत नाही. दिवसभर कागद उघडा ठेवला तरी त्यावर एक तूस पडत नाही."

मथुराबाईंनी त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. "कागदावर नसंल पडत, बाबा. कागद काय श्वास घेतोय व्हय?"

निंगप्पाने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

"काम सोडा म्हनलं तर ऐकत न्हाईत," त्या सांगत राहिल्या. "घरी बसलो तर चार दिसांत मरीन म्हनत्यात. मग जाऊ द्या, पर एक खिडकी तेवढी उघडी ठिवा. तुमी अर्ज लई चांगला लिवता, सायब तुमच्या अक्षराला मान देतो, असं हेच सांगत असतात. येवढं करा. मी दुसरं काय मागत न्हाई."

निंगप्पाने शब्द दिला. मथुराबाई गेल्यावर तो लगेच लिहायला बसला. पहिला खर्डा सहज उतरला, पण मध्यावर एक वाक्य आडवे आले. पूर्वी आपणच केलेली विनंती चुकीची ठरली आहे, असे कुठेतरी म्हणावे लागत होते. ते त्याला लिहिता येईना. त्याने तो कागद फाडला. दुसऱ्या खर्ड्यात त्याने ऋतुमानाचा उल्लेख केला, तिसऱ्यात वाढलेल्या उष्म्याचा. शेवटी जो अर्ज तयार झाला त्यात रावजीनानांचे नाव नव्हते, छातीचे नाव नव्हते; एका खिडकीच्या उघडझापीविषयी नम्र सूचना होती. अक्षर मात्र पूर्वीपेक्षाही सुंदर होते. त्याने तो चौपदरी घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, आणि ठरवले की खंडेनवमीला साहेब पूजेसाठी वर येतील तेव्हा तो हातात द्यायचा. तोवर मधले आठ दिवस तो खिशातच राहिला. चालताना कागदाची कड छातीला लागे, आणि त्या लागण्यातच काहीतरी पार पडल्यासारखे त्याला वाटे.

अष्टमीला पट्ट्या खरवडल्या. खिडक्या आधी उघडेनात. अण्णांनी दांडक्याने ठोकल्यावर पहिली खिडकी एक कण्हता आवाज करीत सुटली, आणि वारा आत आला. तो काही सुगंधी वारा नव्हता. त्यात गाठींच्या गोणपाटाचा वास होता, धुराड्याचा होता, आवारातल्या बैलांचा होता. पण तो एका बाजूने शिरून जिन्याच्या दाराने निघून जात होता, आणि त्याच्याबरोबर खोलीतले काहीतरी चालले होते. वर्षभर कानात दडा बसलेल्या माणसाला अचानक दूरचे बोलणे ऐकू यावे, तसे निंगप्पाला झाले. खाली यंत्रे नेहमीसारखीच चालू होती. फळ्या थरथरतच होत्या.

रावजीनानांनी आपले मेज ओढून खिडकीशी नेले. ते त्या दिवशी दुपारपर्यंत खोकले नाहीत. दुपारनंतरही खोकले नाहीत. चार वाजता बार्शीच्या अडत्याला लिहिलेले एक लांबलचक पत्र त्यांनी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवले, आणि ते वाचताना कुठेही थांबले नाहीत. अण्णा पानाची डबी उघडी धरून ऐकतच राहिले. निंगप्पाने ते पाहिले. त्याने ते अगदी स्पष्ट पाहिले, आणि त्याच क्षणी मनाशी म्हटले की आज सोमवार नाही, आज नाना जेवले आहेत.

त्या पत्राच्या नकलेवर एक तूस बसले आणि दोन ओळी फासल्या. नानांनी पान उजेडाला धरले.

"बघ निंगा, चालली कोंबडी." ते हसले, आणि हसतानाही त्यांना ढास लागली नाही. मग पान खाली ठेवून, दुसरीकडे बघत, ज्याने आयुष्यात कुणाकडे काही मागितले नाही अशा माणसाच्या अवघडल्या आवाजात ते म्हणाले, "ही एक खिडकी राहू दिली तर न्हाई का चालायचं? माझ्या पानाचं मी दोनदा लिवीन. मला काय, वेळच वेळ हाय."

"उद्या साहेबांना विचारतो, नाना," निंगप्पा म्हणाला. "अर्ज लिहून ठेवला आहे."

"लिवलास?" नानांनी वळून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहणे निंगप्पाला कठीण गेले, म्हणून त्याने दाबयंत्र पुसायला घेतले.

खंडेनवमीला दाबयंत्राला झेंडूची माळ घातली. टाक आणि दौती केळीच्या पानावर मांडल्या. नऊ वाजता मॅनेजरसाहेब वर आले, अण्णांनी त्यांना कुंकू लावले, नारळ फोडला. साहेब खुशीत होते. त्यांनी नकलवही मागितली आणि उभ्याउभ्याच पाने उलटू लागले. पाने पारदर्शक, अक्षरे स्वच्छ. वर्षभरातले एकही पान फासलेले नव्हते, आदल्या दिवशीचे ते एक सोडले तर, आणि ते अण्णांनी आधीच नाना नको म्हणत असताना फाडून टाकले होते. साहेबांनी विचारले, खिडक्या चिकटवण्याची ही युक्ती कोणाची. अण्णांनी निंगप्पाच्या पाठीला हात लावून त्याला पुढे केले.

साहेब म्हणाले की माणूस हुशार आहे. पुढच्या महिन्यापासून खालच्या कचेरीच्या आणि नमुन्यांच्या खोलीच्या खिडक्याही अशाच चिकटवून घ्याव्यात, आणि ते काम याच्याच देखरेखीखाली व्हावे. मग त्यांनी निंगप्पाला थेट विचारले, "आणखी काही सुचवायचं आहे?"

सबंध खोली त्याच्या उत्तरासाठी थांबली. रावजीनाना खिडकीशी उभे होते, एक हात चौकटीवर ठेवून. निंगप्पाचा हात कोटाच्या आत गेला. बोटांना कागदाची घडी लागली. आठ दिवसांत ती मऊ पडली होती. आता नुसती बाहेर काढायची होती; बोलण्याचीही गरज नव्हती. पण ती घडी बाहेर आली असती तर तिच्याबरोबर दुसरेही काहीतरी बाहेर आले असते. एका खिडकीने कुणी बरे होणार असेल, तर तिन्ही खिडक्यांनी त्याचे काय झाले होते, हा प्रश्न साहेब विचारणार नव्हते, अण्णा विचारणार नव्हते, नाना तर कधीच विचारणार नव्हते. तो विचारणारा एकच माणूस खोलीत होता, आणि त्याला गप्प ठेवायचे तर कागद खिशात राहायला हवा होता.

"जी नाही," निंगप्पा म्हणाला.

साहेब जिना उतरून गेले. अण्णांनी खळीची बादली पुढे सरकवली. ती अजून कोमट होती, तिच्यावर वाफ तरंगत होती. निंगप्पाने पहिली पट्टी खळीत बुडवून काढली आणि डाव्या खिडकीच्या फटीवर टेकवली. पट्टी वाकडी बसली, तिला सुरकुत्या पडल्या. त्याने ती काढून पुन्हा लावली, पुन्हा सुरकुत्या पडल्या. तेव्हा रावजीनाना शेजारी आले. मग त्यांनी त्याच्या हातातून पट्टी घेतली.

"आण हिकडं. तुझी वाकडी बसतीया."

तिन्ही खिडक्यांच्या पट्ट्या त्या दिवशी नानांनीच बसवल्या. कागदावरून हात फिरवावा तसा ते प्रत्येक पट्टीवरून वरपासून खालपर्यंत तळवा फिरवीत होते. शेवटची खिडकी त्यांनी आपल्या मेजाजवळची ठेवली होती. ती लावून होईपर्यंत त्यांना तीनदा थांबावे लागले.

दिवाळीनंतर जिना त्यांना जड जाऊ लागला. एकवीस पायऱ्या होत्या; आधी ते सातव्या पायरीवर थांबत, मग पाचव्या, मग प्रत्येक पायरीवर. वर येऊन मेजाशी बसले की पहिला अर्धा तास त्यांचा टाक दौतीपर्यंत पोचत नसे. त्यांच्या वाटची पत्रे निंगप्पा स्वतःकडे ओढून घेऊ लागला. त्याने मोडी कधी इतकी लिहिली नव्हती, पण वळण नानांचेच असल्यामुळे फरक कुणाला कळला नाही. अण्णांनी थट्टा बंद केली होती. एके दिवशी त्यांनी निंगप्पाला बाजूला घेतले आणि कानडीत हळूच विचारले की तू काही अर्ज लिहिला होतास ना. त्याने सांगितले की संक्रांतीनंतर देतो. साहेब सध्या नव्या यंत्रांच्या गडबडीत आहेत.

मार्गशीर्षात नाना यायचे थांबले. निंगप्पा दर रविवारी त्यांच्या घरी जाई. ते ओट्यावर उशीला टेकून बसलेले असत, तोंड उघडे, खांदे कानांपर्यंत चढलेले. समोर तळे, त्यावरून येणारा भरपूर वारा, आणि तो सगळा वारा छातीच्या बाहेरच उभा. निंगप्पा गिरणीतल्या बारीकसारीक गोष्टी सांगे. नाना डोळ्यांनी ऐकत. मथुराबाई पाणी आणून ठेवीत आणि आत जात. खिडकीविषयी त्यांनी त्याला पुन्हा कधी विचारले नाही. शिव्या दिल्या असत्या तरी त्याला बरे वाटले असते.

एकदा नानांनी खुणेने त्याला जवळ बोलावले. प्रत्येक शब्दाला ते स्वतंत्र श्वास गोळा करीत होते. "माझ्या जागी... बसवलं का... कुणाला?"

"नाही नाना. तुमची जागा तशीच आहे."

त्यांनी मान हलवली. तो होकार होता की नकार, हे त्याला कळले नाही. ते बोलायचे पुन्हा जमवू लागले, पण ते जमले नाही, आणि थोड्या वेळाने त्यांनी प्रयत्न सोडून दिला.

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्यावरची यात्रा भरली होती, नंदीध्वजांची मिरवणूक निघाली होती, तेव्हा तळ्याच्या काठावरच्या त्या घरात रावजीनाना वारले. मिरवणुकीतल्या वाद्यांचा गजर इतका होता की शेजाऱ्यांना रडणे उशिरा ऐकू आले. निंगप्पा आला तेव्हा त्यांना ओट्यावरून खाली घेतले होते. खांदे कानांपासून खाली उतरले होते. तीन महिन्यांत प्रथमच ते आरामात दिसत होते.

नानांना मूल नव्हते. तिसऱ्या दिवशी मृत्यूची नोंद करायला मथुराबाईंचे धाकटे भाऊ हरिबा निघाले. ते कुंभारीचे शेतकरी, लिहिता-वाचता न येणारे, म्हणून निंगप्पा त्यांच्याबरोबर नगरपालिकेच्या कचेरीत गेला. नोंदणी कारकून वयस्क होता, जाड भिंगांचा चष्मा लावून एकेक रकाना वाचत होता. नाव, वय, जात, धंदा. निंगप्पा सांगत गेला. आजाराच्या रकान्याशी कारकून थांबला.

"दमा," निंगप्पा म्हणाला. "जुना."

"जुना म्हणजे किती? लहानपणापासून का?"

"हो. पुष्कळ वर्षांचा. घर ओलीत होतं, आणि तंबाखू."

हरिबा आतापर्यंत भिंतीला टेकून जमिनीकडे बघत उभे होते. त्यांनी मान वर केली. त्यांना निंगप्पाला खोटे पाडायचे नव्हते. त्यांना फक्त आश्चर्य वाटले होते. "कुणाला, दाजीला?" ते म्हणाले. "न्हाई हो. दाजीला कुटला दमा? आमच्या हिरीत सूर मारायचे आन् तळाची माती मुठीत घिऊन वर यायचे. आमी काठावर मोजत बसायचो, तरी वर येत नव्हते. पाच वर्साखाली, माझ्या पोरीच्या, अक्कीच्या लग्नात, तवाबी मारला की. तवा तर पन्नाशी उलटलेली हुती."

कारकुनाने टाक दौतीच्या काठावर निथळला. "मग कधीपासून ते नीट सांगा. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

निंगप्पाचे कान लाल झाले नाहीत. त्याला कसलीही लाज वाटत नव्हती. तशी काही वाटण्याजोगी जागाच आत उरली नव्हती. हरिबा त्याच्याकडे पाहत होते, भाबडेपणाने, गिरणीतल्या शिकलेल्या माणसाला हे नक्की माहीत असणार या खात्रीने. आणि त्याला ते माहीत होते. दिवसासकट माहीत होते.

"एकोणीसशे चोवीस," तो म्हणाला.

"महिना?"

"आश्विन. दसऱ्यानंतर."

कारकुनाने ते लिहून घेतले, त्यावर टीपकागद दाबला आणि पुढचा माणूस बोलावला.

त्या दसऱ्याला खिडक्या बंद झाल्या होत्या. त्याआधी रावजीनानांना खोकला नव्हता.